माल मोफत, पण पेढी ओळखून घ्या

गेल्या वर्षी आम्ही एक जुनी कॅसेट घेऊन परळला गेलो. कॅसेट १९९४ सालची, आमच्या थोरल्या बंधूंच्या निकाहची. म्हसळा तालुक्यातील आमच्या गावी भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्यावर तिचे चित्रीकरण झाले होते. त्यात आमचे अब्बा आहेत. दारात उभे राहून ते पाहुण्यांना "या, बसा" म्हणत आहेत. पुढच्याच वर्षी ते गेले. घरात त्यांचे चार-पाच फोटो आहेत, परंतु हलते-बोलते असे चित्र हे एकच. बंधू कुवेतला असतात. त्यांचा कित्येक दिवसांचा आग्रह होता की, कॅसेट खराब होण्याआधी ती संगणकात उतरवून घ्यावी.

घरातला व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता. नवा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. व्हीसीआर बनविणारी शेवटची मोठी कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिनेही जुलै २०१६ मध्ये हे उत्पादन थांबविले. आता ज्यांच्याकडे चालू स्थितीतले जुने यंत्र आहे, अशा दुकानदारांवरच ही कामे अवलंबून आहेत. परळ स्टेशनकडून के.ई.एम. रुग्णालयाकडे जाताना आतल्या गल्लीत, एका चाळीच्या तळमजल्यावर असे एक दुकान आम्हाला मिळाले.

परळचा आणि चित्रांच्या धंद्याचा संबंध जुना आहे. व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर येथेच सुरू केले. गिरण्या चालू होत्या तोवर या भागाची ओळख कापडाची होती. १९८२ च्या संपानंतर ती हळूहळू पुसली गेली आणि गिरण्यांच्या जागेवर काचेची कार्यालये आली. आमचे दुकानदार साठीचे गृहस्थ आहेत. वडील गिरणीत होते, मुलाने कॅमेरा घेतला. लग्नाच्या चित्रीकरणावर त्यांनी बरीच वर्षे घर चालविले. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून त्यांनी दोन जुने व्हीसीआर दुरुस्त करून ठेवले आहेत आणि कॅसेटी उतरवून देण्याचे काम करतात.

चार दिवसांनी त्यांनी आमच्या हार्ड डिस्कवर एक फाईल भरून दिली. दीड तासाची कॅसेट आणि फाईल सुमारे ४५ जीबीची! घरी येऊन आम्ही ती संगणकाला लावली. अम्मी शेजारी येऊन बसल्या. फाईल सुरू झाली, माणसांचा गलबला ऐकू आला, अब्बांचा आवाजही आला. पडदा मात्र काळाच राहिला.

"चित्र कुठं आहे?" अम्मींनी विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते.

आमची चूक

यानंतर आम्ही जे केले, ते वाचकांनी करू नये म्हणून सांगतो. पडद्यावर 'कोडेक नाही' अशा अर्थाची सूचना आली होती. आम्ही इंटरनेटवर शोध घेतला आणि सर्वांत वर जो पत्ता दिसला, तिथून 'सर्व कोडेक एकाच जागी, मोफत' असे लिहिलेले एक गाठोडे उतरवून घेतले. ते कोणी बनविले, कोणत्या संस्थेचे, याची चौकशी केली नाही. जे-जे विचारले गेले, त्याला होय म्हणत गेलो.

चित्र काही दिसले नाही. उलट संगणक मंदावला आणि इंटरनेट सुरू करताच नको ती पाने आपोआप उघडू लागली. याच संगणकावर आमचे हिशेब आणि पत्रव्यवहार होता. शेवटी सर्व पुसून विंडोज पुन्हा टाकावे लागले. दोन दिवस गेले आणि काही कागदपत्रे कायमची गेली. गाठोडे टाकतेवेळी अब्बांची फाईल असलेली डिस्क संगणकाला लावलेली नव्हती, एवढेच नशीब.

आम्ही पुन्हा परळला गेलो. तक्रार करण्याच्याच तयारीने गेलो होतो. दुकानदारांनी शांतपणे डिस्क आपल्या संगणकाला लावली. त्यांच्या पडद्यावर आमचे घर, मांडव आणि दारातले अब्बा स्वच्छ दिसू लागले.

"साहेब, फाईल चांगली आहे," ते म्हणाले. "तुमच्या संगणकाला तिची भाषा येत नाही, एवढंच. आणि ती शिकवायला तुम्ही रस्त्यावरून कुणालाही मास्तर म्हणून घरात घेतलंत."

मग त्यांनी आम्हाला स्टुलावर बसवून जे समजावले, त्याला आम्ही पुढे अभ्यासाची जोड दिली. जे लोक फोटो, व्हिडिओ, झेरॉक्स, सायबर कॅफे किंवा संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आहेत, त्यांना रोज असे गिऱ्हाईक भेटते. म्हणून या पानावर तो विषय सविस्तर देत आहोत.

कोडेक म्हणजे काय?

चित्रफीत म्हणजे एकामागून एक वेगाने दाखविलेली स्थिर चित्रे. आपल्याकडच्या जुन्या दूरदर्शन पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. संगणकात प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे धरले आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागले, तर एका सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट होतात. तासाला ही बेरीज ७५ जीबीच्या घरात जाते. एवढा माल कुणाला साठवणे किंवा पाठविणे परवडणार? म्हणून तो दाबून बांधावा लागतो आणि पाहताना पुन्हा सोडावा लागतो. दाबण्याची व सोडण्याची जी रीत, तिला कोडेक म्हणतात.

दाबण्याच्या रीती दोन प्रकारच्या आहेत. एका रीतीत काहीही गमावले जात नाही. आमच्या दुकानदारांनी हफ्ववाययूव्ही नावाचे असे कोडेक वापरले होते. त्यात तासाची फाईल ७५ ऐवजी सुमारे ३० जीबीची होते आणि मूळचा ठिपका न् ठिपका परत मिळतो. कॅसेट पुन्हा वाजविता येईल की नाही याचा भरवसा नसतो, म्हणून ते पहिली प्रत नेहमी अशीच काढतात. हे त्यांच्या कामातले इमान आहे. परंतु हे कोडेक विंडोजमध्ये मुळात नसते. म्हणून आमच्याकडे आवाज आला आणि चित्र आले नाही.

दुसऱ्या रीतीत, डोळ्याला जे जाणवत नाही ते सोडून दिले जाते. शिवाय प्रत्येक चित्र नव्याने न लिहिता फक्त बदल लिहिला जातो. व्यापाऱ्याला हे लगेच समजेल. आपण रोज सगळ्या मालाची नव्याने मोजदाद करीत नाही. कालची शिल्लक पुढे ओढतो आणि आज आले-गेले तेवढेच लिहितो. व्हिडिओतही भिंत, मांडव, खुर्च्या जागच्या जागी असतात. माणूस हलला तेवढेच लिहायचे. २००३ साली आलेले एच.२६४ हे कोडेक याच तत्त्वावर चालते. सेकंदाला ३० लाख बिट असा दर ठेवला, तर तासाची फाईल सव्वा ते दीड जीबीत बसते आणि कॅसेटच्या प्रतीला तेवढी पुरेशी असते. १९९० च्या दशकातील व्हीसीडीत एमपीईजी-१ होते, डीव्हीडीत एमपीईजी-२ आले. २०१३ साली आलेले एचईव्हीसी आणखी दाबते. २०१७ पासून आयफोन त्यात चित्रीकरण करतात. म्हणूनच आयफोनवर काढलेले चित्र दुकानातल्या विंडोजवर कधी कधी उघडत नाही. त्याचे कोडेक मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये वेगळे विकत मिळते.

आणखी एक घोटाळा दूर केला पाहिजे. फाईलच्या नावापुढे एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही असे जे लिहिलेले असते, ते कोडेक नव्हे. ती पेटी आहे. पेटीवरून आतल्या मालाची खात्री होत नाही. एकाच एव्हीआय पेटीत हफ्ववाययूव्ही असू शकते किंवा एक्सविड असू शकते. म्हणून "तुमची एव्हीआय फाईल चालते, मग माझी का नाही?" असे गिऱ्हाईक विचारते, तेव्हा उत्तर पेटीत नसते, आतल्या मालात असते.

किल्ली कुणी बनविली?

दुकानदारांच्या संगणकावर जो प्लेयर होता, त्याचे नाव व्हीएलसी. नारिंगी शंकूचे त्याचे चिन्ह बहुतेकांनी पाहिले असेल. त्याची सुरुवात १९९६ साली फ्रान्समध्ये, इकोल सेंट्राल पॅरिस या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी केली. वसतिगृहाच्या नेटवर्कवर उपग्रहाचे दूरदर्शन दाखवावे, हा त्यांचा हेतू होता. १ फेब्रुवारी २००१ रोजी तो जीपीएल या परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. त्याची मूळ आज्ञावली कुणालाही वाचता येते, तपासता येते आणि सुधारता येते. २००९ पासून व्हिडिओलॅन ही नफा न घेणारी संस्था त्याचे काम पाहते. जानेवारी २०२५ मध्ये संस्थेने सांगितले की, व्हीएलसी ६०० कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला आहे.

व्हीएलसीची खुबी अशी की, बहुतेक सर्व कोडेक त्याच्या पोटातच असतात. ते मुख्यत्वे एफएफएमपेग या दुसऱ्या खुल्या प्रकल्पातून येतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच अभियंत्याने तो २००० साली सुरू केला. म्हणजे आम्ही जे गाठोडे शोधत फिरलो, त्याची गरजच नव्हती. एक व्हीएलसी टाकला की काम झाले असते.

आमचा पहिला प्रश्न कोणत्याही साध्या माणसाचा होता: फुकट आहे म्हणजे चोरीचे तर नाही? तसे नाही. जीपीएलखालील प्रोग्राम घरी, दुकानात, दहा संगणकांवर टाकला तरी तो कायदेशीरच असतो. चोरीचा माल वेगळा. विकाऊ संपादन-प्रोग्रामची फोडलेली प्रत जाणूनबुजून वापरणे हा आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार गुन्हा आहे. त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. खुले साधन हाताशी असताना छोट्या दुकानदाराने ही जोखीम का घ्यावी?

पेढी ओळखावी, वजन करून घ्यावे

आमच्यासारखी फसगत जगभर झालेली आहे. २००५ च्या सुमारास झ्लॉब नावाचा एक घातक प्रोग्राम 'व्हिडिओ पाहण्यासाठी हे कोडेक टाका' असे सांगून संगणकात शिरत असे. त्याच वाटेने डीएनएसचेंजर पसरला. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्यामागची टोळी उघडकीस आणली, तेव्हा शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक त्याच्या तावडीत असल्याचे सांगण्यात आले. ज्याला चित्र पाहायचे आहे तो उतावीळ असतो, हे चोरांना पक्के ठाऊक आहे.

म्हणून पहिला नियम: व्हीएलसी घ्यायचा तर व्हिडिओलॅन संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा विंडोज, अँड्रॉइड, ॲपलच्या अधिकृत दुकानातून घ्यावा. शोधाच्या यादीत जाहिरात म्हणून वर आलेल्या पत्त्यावरून घेऊ नये.

दुसरा नियम: घेतलेला माल तोलून पाहावा. मूळ संस्था प्रत्येक फाईलचा एक अंकी-अक्षरी ठसा प्रसिद्ध करते. त्याला एसएचए-२५६ म्हणतात. तो ६४ अक्षरांचा असतो. फाईलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोजमध्येच असलेल्या सर्टयूटिल या आज्ञेने आपल्या फाईलचा ठसा काढता येतो. दोन्ही ठसे जुळले तरच फाईल उघडावी. या कामाला दोन मिनिटे लागतात.

हा फाजील सावधपणा वाटत असेल, तर एक उदाहरण देतो. हँडब्रेक हा व्हिडिओ रूपांतराचा उत्तम खुला प्रोग्राम आहे. मे २०१७ मध्ये त्याच्या वितरणाच्या दोन सर्व्हरांपैकी एकात चोर शिरले आणि मॅकसाठीच्या खऱ्या फाईलच्या जागी विषारी फाईल ठेवून गेले. चार दिवस ती तिथे होती. पेढी खरी, पण गोदामात माल बदललेला. ज्यांनी ठसा ताडून पाहिला, त्यांना फरक तिथेच कळू शकत होता.

पेढीचा दरवाजा बंद झाला तेव्हा

आपल्या देशाने या बाबतीत एक वेगळाच अनुभव घेतला आहे. फेब्रुवारी २०२२ पासून व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात उघडेनासे झाले. आधी नोटीस नाही, कारणही कळविलेले नाही, असे संस्थेचे म्हणणे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिमँटेक या सुरक्षा कंपनीने एक अहवाल दिला. चीनशी संबंध असल्याचे मानले जाणारे हल्लेखोर आपली घातक फाईल चालविण्यासाठी व्हीएलसीच्या खऱ्या प्रतीचा आधार घेत होते, असे त्यात म्हटले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारी खात्यांना कायदेशीर नोटीस दिली आणि १४ नोव्हेंबर २०२२ रोजी बंदी उठली.

या नऊ महिन्यांत प्रोग्राम वापरण्यावर बंदी नव्हती; मूळ दुकानाचा दरवाजा तेवढा बंद होता. परिणाम काय होतो हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. खरी पेढी बंद दिसली की माणूस शेजारच्या अनोळखी पेढीकडे वळतो. सुरक्षेसाठी केलेल्या उपायाने लोक जास्त असुरक्षित वाटेला लागण्याचा धोका असतो. आमचे दुकानदार मात्र निर्धास्त होते. ठसा ताडून पाहिलेली प्रत त्यांनी आधीच एका वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. "तांदूळ घरात असला की बाजार बंद असला तरी जेवण होतं," ते म्हणाले. ही सवय सर्वांनी लावून घ्यावी. मात्र नवी आवृत्ती आली की ती घेऊन जुनी बदलावी, कारण जुन्या आवृत्त्यांत सापडलेल्या चुका नवीनमध्ये दुरुस्त होतात.

सेटिंग कशी करावी?

व्हीएलसी टाकल्यावर बहुधा काही करावे लागत नाही. तरी दुकानात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगतो.

फाईल चालू असताना टूल्समध्ये जाऊन 'कोडेक इन्फर्मेशन' उघडावे. चित्राचे कोडेक, आवाजाचे कोडेक, ठिपक्यांची संख्या, सर्व तेथे कळते. गिऱ्हाइकाशी वाद घालण्याआधी हे पान पाहावे.

चित्र हिरवे दिसत असेल, तुटत असेल किंवा अडखळत असेल, तर टूल्समधील प्रेफरन्सेस उघडून 'इनपुट, कोडेक' या भागात हार्डवेअर डिकोडिंग बंद करून पाहावे. फेब्रुवारी २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून हे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपविलेले असते; जुन्या कार्डाला काही वेळा ते झेपत नाही. उलट नव्या फोनचे मोठे एचईव्हीसी चित्र अडखळत असेल, तर हेच डिकोडिंग चालू आहे ना, ते पाहावे.

कॅसेटवरून उतरविलेल्या चित्रात माणूस हलला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. फाईल त्यामुळे खराब ठरत नाही. जुन्या पद्धतीत एक चित्र दोन हप्त्यांत, आधी एकाआड एक रेघा आणि मग उरलेल्या, असे दाखवीत. व्हिडिओ या यादीतील 'डीइंटरलेस' सुरू करून 'याडिफ' हा प्रकार निवडावा, रेघा जातात.

एव्हीआय फाईलची सूची तुटलेली असेल तर व्हीएलसी स्वतः विचारतो. सूची नव्याने बांधण्याची परवानगी द्यावी. परंतु चित्रीकरण चालू असताना बॅटरी संपली आणि एमपी४ फाईल अर्धवट राहिली, तर जगातले कोणतेही कोडेक टाकून ती चालणार नाही. अशा फायलीत शेवटी लिहायची सूचीच लिहिलेली नसते. हे दुरुस्तीचे वेगळे काम आहे, आणि गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे.

मराठी किंवा उर्दू उपशीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर प्रेफरन्सेसमधील उपशीर्षकांच्या भागात यूटीएफ-८ निवडावे आणि ती लिपी दाखविणारा टाइप निवडावा.

जुन्या संगणकावरही चालते

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. लॅमिंग्टन रोडवरून पूर्वी घेतलेले आणि छोट्या दुकानांत अजून चालणारे अनेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात काढण्याआधी लिनक्सचा विचार करावा. उबुंटू टाकतानाच जादा चित्र-ध्वनी प्रकारांसाठी एक खूण करायची असते. ती राहिली असेल, तर 'रेस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' नावाचे पॅकेज नंतर घेता येते. डेबियनच्या भांडारात व्हीएलसी आणि एफएफएमपेग आहेतच. फेडोरा मात्र पेटंटच्या कारणाने काही कोडेक आपल्या मूळ भांडारात ठेवीत नाही. ते आरपीएम फ्यूजन या भांडारातून घेतात. येथे माल भांडारातूनच येतो आणि त्याची सही आपोआप तपासली जाते, हा लिनक्सचा मोठा फायदा आहे.

पेटंटची अडचणही कमी होत चालली आहे. एमपी३ चा परवाना-कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला. २०१८ साली आलेले एव्ही१ हे कोडेक तर रॉयल्टी न घेण्याच्या अटीवरच तयार केले गेले, आणि ते सोडण्याचा वेगवान प्रोग्राम व्हिडिओलॅननेच बनविला आहे.

धंद्यासाठी चार शब्द

आमच्या दुकानदारांनी त्या दिवशी आमचे काम पुरे करून दिले. मूळची ४५ जीबीची फाईल तशीच ठेवली आणि तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर केली. मग हँडब्रेकमध्ये रेघा काढून एच.२६४ ची एमपी४ प्रत बनविली. ती दोन जीबीच्या आसपास झाली. येथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्यात एकसलग ४ जीबीहून मोठी फाईल मावत नाही. गावच्या घरी टीव्हीला लावायची प्रत त्याहून लहानच असावी.

आमचा त्यांच्यावर एकच आक्षेप होता व तो आम्ही बोलून दाखविला. मोठी फाईल हातात देताना, ती कशाने उघडायची हे त्यांनी सांगायला हवे होते. त्यांनी तो मान्य केला. आता ते प्रत्येक कामासोबत दोन प्रती देतात: एक जपून ठेवण्याची, एक पाहण्याची. जोडीला एक चिठ्ठी असते. चिठ्ठीत कोडेकचे नाव, प्लेयरचे नाव आणि तो कोठून घ्यावा हे लिहिलेले असते. त्यांनी या चिठ्ठीचे पैसे लावलेले नाहीत. परंतु "चित्र दिसत नाही" म्हणून परत येणारी माणसे कमी झाली, असे ते सांगतात.

या धंद्याला भांडवल फार लागत नाही. चालू व्हीसीआर, कॅसेटचे चित्र संगणकात घेणारे यंत्र, दोन डिस्क आणि खुले प्रोग्राम एवढ्यावर तो उभा राहतो. खरे भांडवल म्हणजे गिऱ्हाइकाचा भरवसा, कारण तो आपल्या हाती जे देतो त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. अशा घरातल्या संगणकात, किंवा आपल्याच दुकानातल्या संगणकात, कुठून तरी आणलेले गाठोडे टाकून तो भरवसा घालवू नये. आपल्या तरुणांनी हे काम शिकावे. कोकणातल्या कितीतरी घरांत अशा कॅसेटी कपाटात पडून आहेत, आणि व्हीएचएसची फीत बुरशीने व दमटपणाने दरवर्षी थोडी-थोडी जात असते.

परळहून परतल्यावर त्याच रात्री आम्ही व्हीएलसी मूळ पत्त्यावरून घेतला, ठसा ताडून पाहिला आणि फाईल लावली. कुवेतहून बंधू फोनवर होते. मांडव दिसला, माणसे दिसली, मग दार दिसले. अब्बा पुढे झाले आणि कुणाला तरी हाताने बोलावू लागले.

अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो शर्ट मीच धुतला होता त्या दिवशी."

फाईल संपल्यावर त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली.